लाल टोक बाहेर

१

"धाकटे, माझ्या हातून गाणं पुसलं गेलं," दादा फोनवर म्हणाला.

"कुठलं गाणं? अरे, नीट सांग की."

"भोवऱ्याचं. शेवटचं." एवढं म्हणून त्यानं फोन ठेवून दिला.

चहाचा कप होता तसा टाकून मी पायात चपला सरकवल्या आणि घराबाहेर पडले. भोवऱ्याचं शेवटचं गाणं म्हणजे काय, ते मला सांगायला नको होतं.

भोवरा म्हणजे तोच तो, गिटार गळ्यात अडकवून एका पायावर गरागरा फिरणारा रॉक अँड रोलवाला. त्याला हिरो करून एक सिनेमा काढला होता, सगळा गाण्यांनी भरलेला. बाकीची गाणी म्हणजे ड्रम आणि आरडाओरडा. दादानं ती मला स्टुडिओत ऐकवली तेव्हा कपाटाच्या काचा थरथरत होत्या. शेवटचं तेवढं हळू होतं. एक आवाज, एक गिटार, बस. ते रेकॉर्ड झालं, त्यावर शूटिंगही झालं, आणि मग भोवऱ्याच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये जीव वाचला, आवाज गेला. आता तो नुसता कुजबुजतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, गाणं विसरा. म्हणजे ते गाणं पुन्हा गाऊन घ्यायची सोय नव्हती. जे होतं ते दादाच्या स्टुडिओतल्या एका टेपवर होतं, आणि दादा म्हणत होता की तीच त्यानं पुसली.

दादा त्या स्टुडिओचा रेकॉर्डिस्ट. मी काय, मी जन्म काढला स्टेशनवरच्या हरवले-सापडले कचेरीत. छत्र्या, कवळ्या, ट्रंका. एकदा एक जावई सासू हरवल्याची नोंद करायला आला होता, तोही अगदी सावकाश, वाटेत चहा पिऊन. त्या खिडकीत बसून मी एक गोष्ट शिकले. वस्तू आपल्या पायांनी कुठे जात नाही. कुणीतरी ती उचलतं, कुणीतरी ती ठेवतं, आणि कशी ठेवली यावरून ठेवणारा कळतो.

स्टुडिओत पोचले तर दादा जिन्याखालच्या बाकावर बसला होता. शेजारी रुमालावर किल्ल्यांचा जुडगा.

"या कशाला काढल्यास?"

"संध्याकाळी मालक येतायत. त्यांना देऊन टाकतो."

"त्यांनी मागितल्या?"

"कुणी कशाला मागायला पाहिजे? मला कळत नाही का?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल झाले होते. "धाकटे, मला अण्णांसारखं व्हायला लागलंय."

आमचे अण्णा शेवटी शेवटी मला दारात बघून "आपण कोण?" म्हणून विचारायचे, आणि तेही अगदी आदबीनं. अलीकडे दादाचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता. गॅस चालू राहिला होता. एकदा त्यानं मला गेलेल्या वहिनीच्या नावानं हाक मारली. मी प्रत्येक वेळी हसण्यावारी नेलं. आज मात्र हसू येईना. कारण खरं सांगायचं तर माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आलं होतं, की पुसलं असेल यानंच.

२

निर्मात्यांना त्यांच्या पाठीमागे सगळे 'घाई' म्हणतात. ते मोठ्या खोलीत येरझाऱ्या घालत होते.

"तुम्ही कोण?"

"रेकॉर्डिस्टची बहीण."

"मग त्यांना घरी घेऊन जा, बाई. आराम करू दे त्यांना. माझं वाटोळं झालंय ते झालंय."

"नेते की. पण आधी झालं काय ते सांगा."

घाईंना बोलायला लावावं लागत नाही, थांबवावं लागतं.

"काय व्हायचंय? सकाळी आलो. आज सगळं कसं झटपट चाललं होतं! एरवी हा माणूस मला ताटकळत ठेवतो हो. यंत्र आपलं घरघर घरघर करत बसतं आणि मी घड्याळ बघत बसतो. आज खोका उघडला, रीळ चढवलं, बटण दाबलं. म्हटलं, चला, म्हातारा सुधारला. आणि स्पीकरमधून काय? सरसर! नुसती सरसर! पुढे नेलं तरी सरसर. तुमचे भाऊ उभ्या उभ्या पांढरे पडले आणि म्हणाले, 'माझ्याच हातून पुसलं गेलं असेल.' स्वतः म्हणाले! मी नाही बोललो."

"आज सकाळी हे गाणं काढायचं कारण?"

"शेवटची ओळ बदलायची होती. भोवऱ्याचा आवाज तिथे फाटलाय. असा फाटलेला आवाज रेकॉर्डवर विकायचा? एक नकलाकार मिळालाय मला, डोळे मिटून ऐकलं तर भोवराच. तो ती ओळ गाणार, त्याच टेपवर, त्याच जागी."

"म्हणजे खालची ओळ पुसली जाणार."

"जाणारच ना!"

"मग आधी एक प्रत काढून ठेवायची."

"प्रती काढायच्या नाहीत हा माझा हुकूम आहे. मागच्या सिनेमाची गाणी सिनेमा लागायच्या आधी चहाच्या टपरीवर वाजत होती. हात पोळलेत माझे."

"नकलाकार चालतो, नक्कल चालत नाही," मी म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही.

ओळ बदलायचं काल दुपारी याच खोलीत ठरलं होतं. बैठकीला होते चौघे: घाई, संगीतकार, भोवरा आणि सिनेमाची एडिटरबाई; आज सकाळीही हेच चौघे हजर होते. दादाची खोली अगदी लागून. दादा तेव्हा खाली चहाला गेला होता, खोली उघडी होती, आणि बैठकीतून चौघेही केव्हा ना केव्हा उठून बाहेर जाऊन आले होते.

"संध्याकाळी मालकांना मी सांगणार आहे," घाई म्हणाले, "या माणसाला यंत्राजवळ ठेवू नका. आणि पेपरवाल्यांना काहीतरी कारण द्यावंच लागेल. तुमच्या भावाचं नाव देणार. माझा नाइलाज आहे."

आयुष्यभराचं काम, आणि पेपरात नाव येणार ते असं. संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता.

३

दादाला मी ओढतच त्याच्या खोलीत नेलं.

"काल काय काय केलंस, सगळं सांग. आठवत नसेल ते आठवत नाही म्हण."

"काल जुन्या टेपा साफ केल्या." त्यानं टेबलावरच्या चपट्या, जड पेटीवर हात ठेवला. तिला तो 'पुसणी' म्हणतो. आत जबरदस्त चुंबक. गुंडाळलेलं रीळ आहे तसं वर ठेवायचं, गोल फिरवायचं, गुंगुं आवाज होतो, आणि रीळ न उलगडता आतलं सगळं साफ. "साफ झालेली रिळं इथे रचली. आणि भोवऱ्याचं गाणं सकाळी लागेल असं घाईंनी बैठकीआधीच सांगितलं होतं, म्हणून तो खोकाही काढून इथेच ठेवला. एकाच टेबलावर. मीच ठेवला. म्हणजे मीच..."

"ते रीळ पुसणीवर ठेवल्याचं तुला आठवतंय?"

"नाही. पण मला चष्मा फ्रिजमध्ये ठेवल्याचंही आठवत नव्हतं."

मी आपली फळीवरचे खोके उघडून बघू लागले. काही सुचत नसलं की मी हेच करते, खोके उघडते. प्रत्येक रिळाच्या बाहेर लोंबणारं कागदी टोक लाल. एक, दुसरं, तिसरं, सगळी लाल. काल पुसलेली कोरी रिळंसुद्धा लाल.

हे लाल प्रकरण मला पाठ होतं. प्रत्येक टेपेच्या सुरुवातीला दादा हिरवा कागद जोडतो आणि शेवटाला लाल. वाजवून झालं की रीळ उलटं गुंडाळायचं नाही, तसंच ठेवायचं. म्हणजे शेवट बाहेर राहतो, लाल. पुढच्या वेळी वाजवायच्या आधी उलटं फिरवून सुरुवातीला आणायचं. लोकांना हा उपद्व्याप वाटतो. पण टेपेचे वेढे एकमेकांवर दाबून पडतात, आणि एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर किंचित उमटतो. सुरुवात बाहेर ठेवून टेप पडून राहिली, तर गाणं सुरू व्हायच्या आधी तेच गाणं बारीक आवाजात ऐकू येतं. दादा त्याला 'भूत' म्हणतो. शेवट बाहेर असला की भूत मागून येतं आणि गाण्याच्या आवाजात झाकून जातं. या भुतापायी दादानं कितीजणांना झाडलंय त्याला गणती नाही. घरी दोऱ्याचं रीळ गुंडाळतानाही तो मला टोकतो.

मग मी यंत्राकडे वळले. सकाळचं रीळ अजून तिथेच होतं, कुणी हात लावला नव्हता. थोडी टेप उजवीकडे गेलेली, आणि तिच्या पोटाशी हिरवा कागद.

"दादा, सकाळी हे लावलंस तेव्हा आधी उलटं फिरवलंस?"

"फिरवलंच असेल. नेहमी फिरवतो."

"असेल नको. फिरवलंस का?"

त्यानं डोळे मिटले. "घाई डोक्यावर उभे होते. मी खोका उघडला... टोक धरलं... धाकटे, मला खात्री नाही गं."

त्याला खात्री नव्हती. पण मला एकदम घाईंचे शब्द आठवले. खोका उघडला, रीळ चढवलं, बटण दाबलं. आज यंत्र घरघरत बसलं नाही. आज ताटकळावं लागलं नाही.

मी त्या हिरव्या कागदावर बोट ठेवलं. "दादा, खोक्यात हिरवं टोक बाहेर होतं."

"शक्यच नाही. मी कधीच..." आणि तो थांबला.

"बरोबर. तू कधीच नाही. आता ऐक. तुझी पुसणी रीळ उलगडत नाही. भोवऱ्याचं गाणं तू चुकून तिच्यावर ठेवलं असतंस, तर गाणं गेलं असतं, पण लाल टोक बाहेरच राहिलं असतं. सकाळी बाहेर होतं हिरवं. म्हणजे खोक्यातलं हे रीळ त्या गाण्याचं नाहीच. हे तुझ्या ढिगातलं एक कोरं रीळ आहे. कुणीतरी ते यंत्रावर चढवलं, सुरुवातीला आणलं आणि खोक्यात घातलं."

"आणि गाणं?"

"गाणं कुणीतरी नेलंय. पुसलेलं नाही, नेलंय."

दादा दोन्ही हातांनी टेबल धरून उभा राहिला. मग म्हणाला, "पण हे कोण मानणार? साक्षीदार कोण, तर विसराळू म्हातारा आणि त्याची बहीण."

४

संगीतकार, सगळे त्यांना मास्टर म्हणतात, पियानोवर बोटं ठेवून बसले होते. वाजवत नव्हते.

"मी कशाला नेऊ? ती फाटकी ओळ जाणार म्हणून मला बरंच वाटत होतं. माझ्या चालीत ते फाटणं नाही, बाई. मी सूर लिहिला होता सरळ."

"काल तुम्ही बाहेर गेला होतात."

"फोन करायला. तोही ऑफिसातल्या मुलीनं लावून दिला. मला बटणांची भीती वाटते. घरचा रेडिओसुद्धा बायको लावते, ती माहेरी गेली की आमच्याकडे शांतता." त्यांनी एक पट्टी हळूच दाबली. "दादांनी पुसलं असेल तर मी त्यांना दोष देणार नाही. वय कुणाला चुकलंय? पण मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतंय, हे सांगा त्यांना."

वाईट वाटतंय! सकाळपासून जो तो दादाबद्दल वाईट वाटून घेत होता, आणि त्या प्रत्येक 'अरेरे'नं तो आणखी म्हातारा होत होता. मला चीड आली.

भोवरा मागच्या जिन्यावर एकटाच बसला होता, गळ्याला मफलर. जवळ गेलं तरच ऐकू येईल अशा आवाजात त्यानं पहिलं काय विचारलं? "दादा कसे आहेत?"

गाण्याचं नाही विचारलं. मी त्याच्या शेजारी पायरीवर टेकले.

"घाबरलाय. तुमची शेवटची ओळ दुसरा गाणार होता, ते तुम्हाला चाललं असतं?"

त्यानं खांदे उडवले. "मला विचारलंय कुणी?"

"मी विचारतेय."

मफलरच्या टोकाशी चाळा करत तो कुजबुजला, "मी पोरगा होतो. पहिलं रेकॉर्डिंग. खुशीत येऊन मी स्वतःच रीळ उलटं गुंडाळायला घेतलं. दादांनी हातावर असा फटका मारला! 'लाल बाहेर, गाढवा!' तेव्हापासून आम्ही भेटलो की नमस्कार नाही करत. मी म्हणतो लाल, ते म्हणतात बाहेर." तो हसला, पण आवाज नाहीच आला. "आज मी म्हटलं लाल. त्यांनी बघितलंसुद्धा नाही."

मी उठले. मास्टर बटणाला हात लावत नाहीत. भोवऱ्याच्या हातावर तो फटका अजून ताजा आहे. घाईंना तर ते गाणं हवंच होतं, नकलाकाराची वेळसुद्धा ठरली होती; आणि त्यांनी चोरी केली असती, तर 'आज ताटकळलो नाही' हे मला इतक्या उत्साहानं सांगितलं नसतं.

राहिली एडिटरबाई.

५

तिला सगळे 'कात्री' म्हणतात. तिची खोली गच्चीखाली, भिंतीला पत्र्याचे चपटे गोल डबे रचलेले, मधे टेबल, टेबलावर दोन चकत्या आणि फिरवायच्या मुठी. माझ्यापेक्षा बरीच लहान, केस वर खोचलेले, डोळ्यांखाली काळं.

मी दमून डब्यांच्या एका बुटक्या थप्पीवर बसायला गेले.

"तिथे नका बसू!" ती ओरडलीच. मग ओशाळून खुर्ची पुढे केली. "डबे दबतात."

मी खुर्चीत बसले. "गाणं गेलं. तुमच्या सिनेमाचं आता काय?"

"शूटिंगसाठी म्हणून काढू दिलेली कामाची एक प्रत माझ्याकडे आहे, पण कापून चिकटवून तिची गोधडी झालीय. रेकॉर्डसाठी काही कामाची नाही." ती बोलत होती आणि हात चालू होते. टेबलावरची फिल्म बघून झाली होती. तिनं मूठ धरली, सरासरा सगळी उलटी गुंडाळली, सुरुवातीच्या टोकावर चिकटपट्टी दाबली आणि डब्यात ठेवली. तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"हे लगेच गुंडाळता?"

"मग? बघून झालं की सुरुवातीला आणायचं. उद्या थिएटरात कुणी डबा उघडला आणि शेवट आधी दिसला, तर प्रेक्षक खुर्च्या फेकतील. माझ्या गुरूंनी हातांना वळणच लावलंय. झोपेतसुद्धा गुंडाळीन मी."

मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "ती शेवटची ओळ दाखवता?"

तिनं दुसरी फिल्म चढवली. छोट्या पडद्यावर भोवऱ्याचा चेहरा आला, अगदी जवळून. गिटार नाही, फिरणं नाही. शूटिंगच्या वेळी स्वतःचंच रेकॉर्ड ऐकत तो ओठ हलवत होता. कामाच्या प्रतीतून खरखरीत गाणं आलं:

*"परत येईन म्हणालो होतो, दिवा विझवू नको,*
*दार नुसतं लोटून ठेव, कडी लावू नको..."*

'कडी'वर आवाज फाटला. आणि पडद्यावरच्या माणसानं तो फाटलेला ऐकला. डोळ्यांत काहीतरी हललं, आणि त्यानं ओठ हलवणं थांबवलं नाही.

"बघितलंत?" कात्री म्हणाली. तिचाच आवाज कापत होता. मग तिनं मूठ धरली आणि तीही फिल्म उलटी गुंडाळून सुरुवातीला आणली.

मी म्हटलं, "तासाभरानं दादाच्या खोलीत या. सगळे येतायत."

तिची नजर त्या बुटक्या थप्पीकडे गेली. एक क्षणभरच, पण माझी सगळी हयात अशाच नजरा बघण्यात गेलीय.

६

मालक अजून यायचे होते. दादाच्या खोलीत चौघे दाटीवाटीनं उभे. घाई म्हणाले, "लवकर काय ते बोला."

मी बोलले. लाल काय, हिरवं काय, पुसणी रीळ का उलगडत नाही, सगळं सांगितलं. "आणि साक्षीदार म्हणाल तर तो माझा भाऊ नाही. तुम्ही आहात, निर्मातेसाहेब. आज यंत्र घरघरलं नाही, असं तुम्हीच म्हणालात."

घाई तोंड उघडून बघत राहिले. "म्हटलं खरं. चढवलं आणि लगेच दाबलं. देवाशपथ."

"दादाचं डोकं विसरेल. चष्मा विसरेल, मला विसरेल. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. या हातांनी हिरवं टोक बाहेर ठेवलेलं नाही. ते ठेवलं अशा हातांनी, ज्यांना उलटी गोष्ट दिसली की ती सुरुवातीला आणल्यावाचून राहवत नाही. कोरं रीळ खरंच कोरं आहे ना, दुसऱ्याचं काही आपण बिघडवत नाही ना, हे त्या हातांच्या मालकिणीनं यंत्रावर लावून तपासलं. तेवढी सचोटी होती. ऐकून झालं, आणि मग हातांनी आपलं काम केलं."

कात्री स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"मला कळलंसुद्धा नाही गुंडाळलेलं," ती म्हणाली.

ती बाहेर गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन परत आली. बुटक्या थप्पीतला सगळ्यात खालचा असणार. आत फडक्यात गुंडाळलेलं रीळ होतं. लाल टोक बाहेर.

"हे मी वाजवलं नाही," ती दादाला म्हणाली. "आहे तसं ठेवलं. मला वाटलं, कोरं रीळ निघालं की खोक्यांची अदलाबदल झाली म्हणतील, शोधत बसतील, तोवर तो नकलाकार कंटाळून जाईल. तो चेहरा मी किती दिवस बघतेय, दादा. त्या ओळीवर दुसऱ्याचा आवाज मी माझ्या हातानं चिकटवायचा? तुम्ही 'मीच पुसलं' म्हणाल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं."

"म्हणालो ना पण," दादा म्हणाला. त्याचा आवाज इतका थंड मी कधी ऐकला नव्हता. "सकाळी म्हणालो, तू तिथेच उभी होतीस. सबंध दिवस मी त्या बाकावर बसून होतो. माझं डोकं गेलं असं समजून. मग गप्प का बसलीस?"

"भ्याले." ती रडायला लागली. "सांगितलं तर गाणं जाईल, नाही सांगितलं तर तुम्ही जाल. मला काही ठरवताच येईना."

दादानं तिला माफ केलं असं मी म्हणणार नाही. त्यानं तिच्या हातातलं रीळ तेवढं घेतलं. यंत्रावर चढवलं. आणि उलटं फिरवायला लागला.

घरघर, घरघर. सगळे उभे. घाईंनी घड्याळ बघितलं, दादानं त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी हात खिशात घातले.

मग गाणं लागलं. खरखर नाही, काही नाही. भोवरा जणू खोलीत उभा राहून गात होता, आणि भोवरा खोलीतच मफलर गुंडाळून उभा होता. शेवटची ओळ आली. आवाज फाटला. मास्टरांनी मान खाली घातली आणि पुटपुटले, "माझा सूर सरळ होता. हा बरा आहे." रीळ संपलं, लाल टोक फडफडत गोल फिरत राहिलं.

"छान, छान," घाई म्हणाले. "सापडलं ते बरं झालं. मग नकलाकाराला उद्या..."

भोवरा पुढे आला. यंत्र थांबवलं, रीळ उतरवलं, उलटं न गुंडाळता खोक्यात ठेवलं, झाकण लावलं आणि खोका दादाच्या हातात दिला. कुजबुज होती, पण सगळ्यांना ऐकू गेली.

"लाल."

"बाहेर," दादा म्हणाला.

"आता याला कुणी हात लावायचा नाही," भोवरा म्हणाला, आणि घाईंकडे बघत उभा राहिला. घाईंनी मास्टरांकडे पाहिलं, मास्टरांनी छताकडे. शेवटी घाई म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे. आधी एक प्रत काढा याची," आणि निघून गेले.

मालक आले तेव्हा किल्ल्यांचा जुडगा दादाच्या खिशात होता.

घरी चालत निघालो. वाटेत दादा म्हणाला, "म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"डोक्याचं मला ठाऊक नाही. उद्या डॉक्टरांकडे जाऊ, दोघं. हात ठीक आहेत, एवढं मी सिद्ध केलंय."

"आणि चष्मा?"

"चष्मा फ्रिजमध्ये तूच ठेवला होतास. तो आळ मी दुसऱ्यावर नाही घेऊ देणार."

तो हसला. सकाळपासून पहिल्यांदा. पण कोपऱ्यावर वळताना पुन्हा थबकला. "धाकटे, मी निघताना गॅस बंद केला होता का गं?"

"केला होतास," मी ठणकावून सांगितलं. आणि मग मलाच आठवलं. त्याच्या मागून घराबाहेर मी पडले होते. चहा मी केला होता. दोघंही भराभर चालायला लागलो, शेवटी तर जवळजवळ पळतच जिना चढलो.

गॅस बंद होता. पण माझ्या गार चहाच्या कपाशेजारी फोनचा रिसीव्हर सकाळपासून तसाच लोंबकळत होता.

दादानं तो उचलला, जागेवर ठेवला आणि माझ्याकडे वळून अगदी आदबीनं म्हणाला, "आपण कोण?"

मी त्याच्या दंडावर चापट मारली. मग मलाच रडू फुटलं, आणि तो "अगं वेडे, अगं धाकटे" म्हणत राहिला.